आरपार न गेलेलं पातं

४ फेब्रुवारी

भावोजी,

सहा वर्षांनी वहिनीचं पत्र आलं म्हणजे तिला काहीतरी हवं असणार, असं मनात आलं असेल. बरोबर आहे, हवं आहे.

सोबत पट्ट्याच्या नूतनीकरणाचा अर्ज जोडलाय. ओहोटीला उघडी पडणारी आपली कालवांची जागा कागदावर दोघा भावांच्या नावावर होती. ह्यांच्या जागी आता माझं नाव चढलं, तुमचं होतं तिथेच आहे. एकतीस मार्चच्या आत तुमची सही पोचली नाही तर पट्टा सोसायटीकडे परत जाईल, आणि सोसायटी म्हणजे चष्मेवाला. शेजारच्या पट्ट्यावरून तो माझी कालवं रोज डोळ्यांनी उचलून नेतो. मग हातांनी नेईल.

आता दुसरी गोष्ट. सरळ विचारते, सरळ सांगा. तुम्ही एवढ्यात इथे येऊन गेलात का?

विचारायचं कारण, कालवांचं मरण पुन्हा सुरू झालंय. अगदी तसंच. शिंपला बाहेरून धडधाकट, उचलला की हलका, आत कालव नाही. आणि पाठीवर एकच भोक. बारीक, गोल, कडा गुळगुळीत. ते भोक तुम्हाला मी वेगळं समजावून सांगायला नको.

आपल्याकडे कालवं फोडायला येणारी टोपीवाली, तीच, नवऱ्याची फेल्टची टोपी घालून फिरते ती, काल बायकांत बोलता बोलता म्हणाली, "धाकट्याला मी धक्क्यावर बघितलं होतं." मी विचारलं, कधी? तर तिने टोपी डोळ्यांवर ओढली आणि सुरी चालवत राहिली. टोपी ओढली की ती मेल्याहून गप्प होते, तुम्हाला ठाऊक आहे.

तुमचे दादा गेल्याचं कार्ड मी तुम्हाला टाकलं होतं. तुम्ही आला नाहीत. ते तुमचं तुमच्यापाशी.

सही करा आणि पाठवा.

वहिनी


११ फेब्रुवारी

भावोजी,

उत्तर नाही. गप्प बसायची तुमची खोड जुनीच आहे, त्यामुळे नवल वाटलं नाही.

आठवण करून द्यायची तर, त्या दिवशीही तुम्ही असेच गप्प होतात. बर्फाच्या शेडमधलं ते लांब टेबल. सोसायटीची सगळी माणसं उभी. ह्यांनी बादली उपडी केली आणि शंभरेक शिंपले टेबलावर पसरले, एकेका शिंपल्याला एकेक भोक. शेजारी तुमच्या गिरमिटाचं सगळ्यात बारीक पातं ठेवलं, तुम्ही होडीच्या फळ्यांना तांब्याचा खिळा मारायच्या आधी भोक पाडायचात ते. हे म्हणाले, "माझ्या बायकोने लावून बघितलंय. बरोब्बर बसतं. आता तू सांग." तुम्ही एक शिंपला उचललात, दाराच्या उजेडात धरलात, मग माझ्याकडे बघितलंत. आणि हसलात!

निरपराध माणूस अशा वेळी चिडतो, रडतो, देवाची शपथ घेतो. हसतो कोण?

आणि भोकं हा एकच पुरावा नव्हता. बियांचं विसरलात? दर वर्षी मार्चच्या सुमाराला आपल्या दगडांना पिवळे दाणे चिकटतात, तांदळाएवढे, उभे, ओळीने लावल्यासारखे. मी ते दगड ओल्या पोत्यांखाली जपायची, चांगल्या जागी हलवायची, कारण कालवांचं बी ते. ह्यांनाही तसंच वाटायचं. वजनकाट्यावरची कारकुनी सोडून माणूस कालवांत आला होता, आम्हाला शिकवायला कोण बसलं होतं? जे काय शिकलो ते बघून आणि वाचून. आणि तुम्ही मला काय सांगत होतात? "वहिनी, ही कसल्या तरी किड्याची अंडी आहेत. होडीच्या बुडालाही धरतात. खरवडून टाका." आपल्याच पट्ट्याचं बी खरवडायला सांगणारा माणूस! मी ते ह्यांना सांगितलं. सांगणारच.

सोसायटीने सभासदांतून तुमचं नाव काढलं, तुम्ही गाव सोडून गेलात आणि मरण थांबलं. सगळ्या गावाने बघितलं. त्या पावसाळ्यात नदीला इतकं पाणी होतं की दीड महिना पट्ट्यावरचं पाणी तोंडात घेतलं तर गोडं लागायचं. कालवं जरा रोड झाली, पण पुन्हा एका शिंपल्याला भोक दिसलं नाही. चष्मेवाला म्हणाला, "कीड गेली, पीक आलं." चार वर्षं आम्ही सुखाने कालवं काढली.

मग आता गेली दोन वर्षं पाऊस नाही, नदी नाही, सगळं कोरडं, आणि पुन्हा भोकं. बसचं वेळापत्रक मी बघून ठेवलंय. तुमच्या गावाहून पहाटेची बस पकडली तर माणूस सकाळच्या ओहोटीला इथे पोचतो आणि दुपारी परत जेवायला घरी. कंडक्टरला विचारलं, डावा खांदा पडलेला एक माणूस येतो का कधी? तो म्हणाला, "आजी, माझ्या बसमध्ये सगळ्यांचेच खांदे पडलेले असतात."

मी आजी दिसते आता. असो.

आजपासून मी पाळत ठेवतेय. हे तुम्हाला कळावं म्हणूनच लिहिते.

वहिनी


२० फेब्रुवारी

भावोजी,

पाळत कशी ठेवली ते सांगते. हसू नका.

उधाणाच्या ओहोटीला पट्ट्याभोवतीची वाळू चांगली उघडी पडते. मी फळीच्या तुकड्याने ती सगळीकडून सारखी केली, अंथरुणावरची चादर करतात तशी. कुणीही आलं तरी ठसा उठलाच पाहिजे. मग धक्क्यावर बसले. दोन तास. पाणी चढायच्या आधी जाऊन बघितलं.

ठसे होते. मोठ्या बुटांचे. मग लक्षात आलं, बूट ह्यांचे आणि पाय माझे. वाळू सारखी करताना मीच फिरले होते. ह्यांचे रबरी बूट मी आता दोन-दोन मोजे घालून वापरते. टाकवत नाहीत, आणि नवे घेऊन तरी काय करू.

दुसऱ्या दिवशी मागे सरकत सरकत वाळू सारखी केली, माझा ठसा राहू नये म्हणून. तरी कुणाचाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पण त्याच तीन दिवसांत मी आणखी अकरा रिकामे शिंपले उचलले.

तेव्हा माझा संशय टोपीवालीवर गेला. जी रोज येते तिच्या ठशांकडे कोण बघतं? चौथ्या दिवशी ती खाली येताना मी वाट अडवली.

"तू माझी कालवं नेतेस का?"

"नेते की," ती म्हणाली. "फोडलेली. तुम्ही देता ती. आणखी काय, टोपीत भरून नेईन?"

"मग धाकट्याला बघितलंस ते कधी बघितलंस? खरं बोल."

तिने टोपी काढली. तिला टोपीशिवाय मी दहा वर्षांत पाहिलं नव्हतं. केस पार गेलेत बिचारीचे. म्हणाली, "कधी म्हणजे? तुमचे हे गेले त्याला महिना झाला होता तेव्हा. गेल्या वर्षी. तुम्ही हे बूट धुऊन धक्क्यावर वाळत घातले होते. तो आला, बुटांपाशी उभा राहिला. मी म्हटलं, वर घरी जा की. तर म्हणाला, मला कळायला उशीर झाला, आता कोणत्या तोंडाने जाऊ. बूट उन्हात तडकतील म्हणून सावलीत सरकवले आणि गेला. बाईला सांगू नकोस म्हणाला, म्हणून एवढे दिवस सांगितलं नाही. परवा जीभ घसरली."

बूट सावलीत होते. मला आठवतं. मला वाटलं होतं मीच ठेवले.

टोपीवालीने टोपी परत घातली, वाळूकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढी चादर घातलीत, ती माणसाच्या ठशांसाठीच होय? मग हे कोणाचं?"

तिने पायाच्या अंगठ्याने दाखवलं. वाळूत एक बारीक चर होता, कुणी काडी ओढत नेल्यासारखा. वाकडातिकडा जात जात तो आपल्या पहिल्या दगडापाशी पोचत होता. तसे पुष्कळ होते. मी तीन दिवस त्यांच्यावरून पाय टाकत चालले होते. चराच्या टोकाशी दगडावर एक राखाडी शंखी बसली होती, अंगठ्याच्या पेराएवढी, खरबरीत. असल्या शंख्या आपण जन्मभर पाहिल्यात. बायका त्यांना दगडाचा मळ म्हणतात.

ती कालवाच्या पाठीवर बसली होती. मी ओढली तर सुटेना.

म्हणून मी अजून काहीच म्हणत नाही. एक शंखी कालवावर बसली म्हणजे काही सिद्ध होत नाही. कावळाही होडीवर बसतो, म्हणून होडी कावळ्याने बांधली असं नाही.

वहिनी


३ मार्च

भावोजी,

पोस्टाच्या माडीवर आता वाचनालय झालंय. तिथल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "पुस्तक कोणासाठी हवंय?" मला वाटलं, हिला काय करायचंय? चष्मेवाल्याची कोणीतरी असेल. मी म्हटलं, माझ्यासाठी. "समुद्रातल्या जनावरांचं? गोष्टींची पुस्तकं त्या कपाटात आहेत." चौथीत शाळा सुटली हे माझ्या कपाळावर लिहिलेलं असावं. मी म्हटलं, बाई, गोष्टी मला घरी पुष्कळ आहेत.

पुस्तक जाड होतं. दोन दिवस टेबलाशी बसून वाचलं. तुम्ही मला पंडिताबाई म्हणायचात ना. बायकांसमोर म्हणायचात, सुऱ्या चालू असताना. "पंडिताबाई आता कालवांना वाचून दाखवणार, म्हणजे ती आपोआप उघडतील!" सगळ्या खो खो हसायच्या. तुम्ही थट्टेने म्हणायचात हे मला कळत होतं. कळून उपयोग नसतो, लागायचं ते लागतंच.

तर पुस्तकात काय आहे ते सांगते. ह्या शंख्या मांस खातात. शेवाळ नाही, मळ नाही, मांस. कालवावर बसायचं, अंगातून आंबट रस सोडून शिंपला एका जागी मऊ करायचा आणि मग जिभेने खरवडायचा. जिभेवर करवतीसारखे दात. पुन्हा रस, पुन्हा खरवड. दिवसचे दिवस. भोक पडलं की त्यातून सोंड घालून आतलं जिवंत कालव खायचं.

पुस्तकात लिहिलंय म्हणून मी मानणार नव्हते. छापणारेही माणसंच. म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत परात ठेवली, समुद्राचं पाणी घातलं, तीन कालवं आणि ती एक शंखी. पाणी रोज बदलते. एका दिवसात ती मधल्या कालवावर चढली आणि बसली. कान लावून बघितला, आवाज नाही. इतकं मुकाट्याने कुणी कुणाचं घर फोडत असेल असं मला वाटलं नव्हतं.

चष्मेवाला अर्जाचं विचारायला आला. खिडकीतून वाकून परातीत बघून म्हणाला, "हे काय, वहिनी? आता घरातच शेती?" 

मी म्हटलं, "पाहुणा ठेवलाय. खातो काय ते बघतेय."

"दिराची सही आली का?"

"येईल."

"नाही आली तरी तुम्ही काळजी करू नका. आम्ही आहोत."

त्याचीच तर काळजी.

आज पाचवा दिवस. सकाळी मी सुरीने शंखी उपसून काढली. खाली अर्धवट भोक होतं. गोल, वाटीसारखं, तळाशी चकाकणारं. आणि भावोजी, ते बघून मी चुलीवरचं दूध उतू जाईपर्यंत तशीच उभी होते.

पुढचं आज लिहिता येत नाही. शंखी पुन्हा त्याच जागी ठेवली. ती लगेच कामाला लागली.

वहिनी


७ मार्च

भावोजी,

भोक काल पुरं झालं. आज ते कालव मेलंय.

आता मी सांगते ते बसून वाचा.

तुमचं ते पातं माझ्याकडे आहे. त्या दिवशी तुम्ही टेबलावर तसंच टाकून गेलात, मी सुयांच्या डबीत ठेवलं. सहा वर्षं रोज सुई काढताना ते हाताला लागतं. काल ते काढलं आणि परातीतल्या शिंपल्याच्या भोकाला लावलं. तोंडाशी बरोब्बर बसलं. आणि अर्ध्यावर अडलं. शंखीचं भोक वर रुंद असतं, आत निमुळतं होत जातं. गिरमिटाचं तसं नसतं. गिरमिटाने पाडलेलं भोक वर जेवढं तेवढंच खाली, पातं घातलं की पलीकडे निघतं.

हे मला काल कळलं नाही. सहा वर्षांपूर्वीच कळलं होतं.

तेव्हा मी एकटीने ओट्याशी बसून लावून बघितलं होतं. एका शिंपल्याला, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. तिन्हीत तोंडाशी बसलं आणि तिन्हीत अडकलं. जोर केला तर तिसरा शिंपला फुटला. मी तो चुलीच्या राखेत टाकला. मग बाहेर आले आणि ह्यांना सांगितलं, "बरोब्बर बसतं." अडतं हे सांगितलं नाही. खोटं एक अक्षर बोलले नाही बघा. फक्त पुढचं वाक्य गिळलं.

का, ते विचाराल. त्याच दिवशी सकाळी तुम्ही माझं पोतं उचलून, खालचे पिवळे दाणे सगळ्या बायकांना दाखवून म्हणाला होतात, "बघा, पंडिताबाई किडे पाळतात!" एवढंच कारण. ह्याहून मोठं कारण शोधायचा मी फार प्रयत्न केला. नाही सापडलं.

आणि दाणे. तेही पुस्तकात आहेत, चित्रासकट. ती शंखीची अंडी आहेत, भावोजी. कालवांचं बी डोळ्यांना दिसतच नाही, ते पाण्यात तरंगतं. दर मार्चला मी त्यांची अंडी ओल्या पोत्यांखाली जपत होते, बाळंतिणीसारखी. चांगल्यातल्या चांगल्या कालवांशेजारी नेऊन ठेवत होते. तुम्ही खरवडायला सांगत होतात. मी तुमची चुगली केली. आणि तुम्ही गेल्यावर मरण थांबलं ते तुम्ही गेलात म्हणून नाही. शंख्यांना गोडं पाणी सोसत नाही, नदीने त्या धुऊन नेल्या. कुठे कुठे थोड्या उरल्या असतील, तर मी होतेच जपायला.

अजून आहे. कार्ड मी वेळेवर टाकलं नाही. लिहिलं त्याच दिवशी, पण नऊ दिवस कपाटाच्या खणात ठेवलं. तुम्ही याल, लोक तुमच्याकडे बघतील, मग माझ्याकडे बघतील, ह्याची भीती वाटली. त्यात तेव्हा माझ्यापाशी तुमचा जुनाच पत्ता होता, म्हणून ते आणखी फिरत राहिलं असणार. आणि पहिल्या पत्रात मी ऐटीत लिहिलं, तुम्ही आला नाहीत, ते तुमचं तुमच्यापाशी.

शेवटचं. हे सांगितलं नाही तर बाकीचं सांगून उपयोग नाही. ह्यांना जायच्या आधी चार दिवस बोलवत नव्हतं, श्वासच पुरत नव्हता. एका दुपारी मी उशी नीट करत होते तर माझं मनगट धरून म्हणाले, "पातं आरपार गेलं होतं ना ग?" एवढं एकच विचारलं. पाच वर्षं त्यांनी तुमचं नाव काढलं नव्हतं.

मी हो म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. सुटल्यासारखे मिटले की खचल्यासारखे, हे मी रोज बघते आणि मला कळत नाही. त्या वेळी नाही म्हटलं असतं तर त्यांनी तुम्हाला बोलावलं असतं. तुम्ही पोचला असता. अजून चार दिवस होते.

सहीचं मी आता मागत नाही. अर्ज फाडून टाकलात तरी माझं काही म्हणणं नाही.

तुमची वहिनी म्हणवून घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा


१७ मार्च

भावोजी,

काल बर्फाच्या शेडमध्ये सोसायटीची बैठक होती. विषय होता पट्टे आणि वजनकाट्याची दुरुस्ती. मी बादली घेऊन गेले.

"काय आणलंत?" चष्मेवाला म्हणाला.

"मागच्याच बैठकीचं उरलेलं," मी म्हटलं, आणि बादली टेबलावर उपडी केली. तेच टेबल. दोनशे शिंपले असतील. एका बशीत जिवंत शंख्या आणि त्यांनी खाऊन टाकलेलं एक कालव. पुस्तक उघडून चित्राचं पान वर ठेवलं. आणि तुमचं पातं.

मी म्हटलं, ज्याला हवं त्याने पातं कुठल्याही भोकात घालून बघावं. आधी कुणी हलेना. मग टोपीवाली पुढे झाली. ती सभासद नाही, तिला बोलायचा हक्क नाही, पण टोपीकडे बघून कुणी अडवलं नाही. तिने एक घेतला, घातलं, अडलं. दुसरा, अडलं. मग रांगच लागली. शेडभर नुसता टकटक आवाज.

चष्मेवाला चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला, "म्हणजे तेव्हा आपली सगळ्यांची फसवणूक झाली."

"सगळ्यांची नाही," मी म्हटलं. "मी फसवलं. पातं आरपार जात नाही हे मला त्याच दिवशी माहीत होतं."

शेडमध्ये बर्फ वितळल्याचा आवाज येतो हे मला आजवर माहीत नव्हतं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "मग आता सांगायला काय झालं? सहीची गरज लागली म्हणून?"

पहिलं पत्र मी सहीसाठीच लिहिलं होतं. मी म्हटलं, "हो. सुरुवात तिथूनच झाली."

"निदान हे तरी खरं बोललात," तो मागचाच म्हणाला.

तुमचं नाव सभासदांच्या यादीत परत घ्यायचा ठराव झाला. हात सगळ्यांचे वर गेले. चष्मेवाल्याचाही गेला, पण कोपरापर्यंतच. निघताना तो हळूच म्हणाला, "माझ्याही पट्ट्यावर हीच भोकं आहेत. दोन वर्षं झाली. मला वाटायचं तुम्ही..." म्हणजे मी इकडून त्याच्यावर पाळत ठेवत होते आणि तो तिकडून माझ्यावर, आणि मधून त्या चालत होत्या.

बायका आता माझ्याशी जपून बोलतात. पंडिताबाई कुणी म्हणत नाही. म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

टोपीवाली मात्र म्हणाली, "रडायचं असेल तर शेडच्या मागे जा. इथे मासे मोजतायत." मी गेले. ती बाहेर उभी राहिली.

वहिनी


२९ मार्च

भावोजी,

तुमचं पाकीट काल आलं. अर्जावर सही आहे. मी ती आधी बघितली नाही, आधी तो शिंपला बघितला.

त्या दिवशी तुम्ही उचललात तोच का हा? तुम्ही तो खिशात घालून नेलात हे मला दिसलंच नव्हतं. सहा वर्षं ठेवलात. आणि चिठ्ठीत चारच ओळी. त्या मला पाठ झाल्यात, तरी इथे लिहून काढते, कारण लिहिल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही.

"वहिनी, मी सुतार माणूस. भोक गिरमिटाचं नाही हे शिंपला उजेडात धरल्यावरच कळलं होतं. पातं टेबलावरच होतं, दाखवायला दोन मिनिटं लागली असती. पण मग दादाला तुमच्याकडे बघावं लागलं असतं."

तुम्ही हसलात ते त्याचं हसलात. मी सहा वर्षं त्या हसण्याला चोराचं हसू म्हणत होते.

हे तुम्ही चांगलं केलंत असं मी म्हणणार नाही. रागावू नका. तुम्ही माझा संसार राखलात आणि दोघा भावांचं जाऊ दिलंत. त्या दिवशी ह्यांनी माझ्याकडे बघितलं असतं तर मी मान खाली घातली असती, चार महिने अबोला झाला असता, आणि मग तुम्हा दोघांना एकाच ताटात जेवताना मी बघितलं असतं. मोठेपणा करायच्या आधी तुम्ही मला विचारायला हवं होतं. एवढं भांडायचा हक्क मला अजून आहे असं समजते.

तुम्ही आणखी काही लिहिलं नाही. येता की नाही, तेही नाही. तर मीच इकडचं लिहिते.

दाणे धरलेत. ह्या वर्षी कधी नव्हते इतके. मी, टोपीवाली आणि चष्मेवाल्याकडच्या दोघी मिळून खरवडायला घेतलेत. शंख्या हातांनी वेचतो, दाणे खुरप्याने काढतो, किनाऱ्यावर नेऊन उन्हात टाकतो. पहिल्या दिवशी माझा हात उचलेना. इतकी वर्षं जपलेलं, इतकं सुंदर दिसतं ते. टोपीवाली म्हणाली, "बघत काय बसलात? तुमची नातवंडं नाहीत ती." मग खरवडलं.

अर्धा पट्टा झालाय. पलीकडच्या मोठ्या खडकाखाली वाकायला माझी कंबर साथ देत नाही. तिथे डावा खांदा पडलेला माणूस बरा पडेल, त्याला फार वाकावं लागत नाही.

पाच एप्रिलला मोठी ओहोटी आहे, सकाळी सात वाजता पाणी पार खाली जाईल. खुरपी दोन आहेत. पातं मी घासून, तेल लावून ठेवलंय. बूट दाराशी आहेत, सावलीत. तुम्हाला दोन मोजे घालावे लागणार नाहीत. दादांचं आणि तुमचं माप एकच होतं.

वहिनी